त्रिकोण तीनदा मोजला : साथीचे रोग आणि अफवा यांच्या मॉडेलच्या नोंदी

१० जून २०२४

कॉलेज सुरू व्हायला आठ दिवस आहेत, तेवढ्यात पाया घालून टाकायचा. एमएस्सीचा एक विद्यार्थी सोबत आहे. कोड त्याचा, कटकट माझी.

प्रश्न असा. साथीचं नेहमीचं मॉडेल जोड्यांवर चालतं. हा त्याला भेटला, तो तिला भेटला, दर भेटीत लागण होण्याची अमुक इतकी शक्यता. चार जण एका टेबलाशी चहाला बसले की मॉडेल त्यांच्या सहा जोड्या करतं आणि टेबल विसरून जातं. आम्हाला ते टेबल हवंय.

सुरुवात याकोपिनी, पेत्री, बारा आणि लातोरा यांच्या २०१९ च्या मॉडेलपासून. त्यात जोडीतून होणारी लागण आहेच. शिवाय तिघांचा गट, म्हणजे त्रिकोण, असेल आणि त्यातले दोघं आधीच बाधित असतील, तर तिसऱ्यावर जास्तीचा दाब येतो. बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो. म्हणजे हे गोवरासारखं नाही, सर्दीसारखं आहे. किंवा फॅशनसारखं.

समीकरण एका ओळीत मावतं. बाधितांच्या प्रमाणातला बदल म्हणजे बरे होणारे वजा, जोडीतून येणारे अधिक, त्रिकोणातून येणारे अधिक. जोडीच्या पदात बाधितांचं प्रमाण एकदा येतं, त्रिकोणाच्या पदात त्याचा वर्ग येतो. सगळी गंमत त्या वर्गात आहे. बाधित १ टक्का असतील तर वर्ग दहा हजारात एक, म्हणजे नसल्यातच जमा. २० टक्के असतील तर तोच वर्ग ४ टक्के होतो आणि बोलायला लागतो.

कागदावर करून पाहिलं. एक बाधित बरा होईपर्यंत जोडीजोडीनं सरासरी जितक्यांना लागण देतो, त्याला आम्ही 'जोर' म्हणतोय. जोडीचा जोर ०.८ धरला, त्रिकोणाचा (त्याच चालीवर, वर्गाच्या पदापुढचा आकडा) २.५. जोडीचा जोर १ च्या खाली, म्हणजे नेहमीच्या हिशेबात साथ विझायला हवी. पण इथे उत्तरं तीन येतात : ०, ०.१५१ आणि ०.५२९. मधलं उत्तर हा उंबरा. सुरुवातीला १५ टक्क्यांहून कमी बाधित असतील तर साथ शून्यावर जाते, जास्त असतील तर ५३ टक्क्यांवर जाऊन ठाण मांडते. जोडीचा जोर ०.६६२ च्या खाली नेला की उंबराही गायब होतो आणि उरतं फक्त शून्य. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून ठेवलाय. पुढे कोड खरा बोलतोय की नाही, ते यावर ताडून बघायचं.

१४ जून

पहिलं सिम्युलेशन. २,००० माणसं, प्रत्येकाला सरासरी २० जोडीदार आणि ६ त्रिकोण, एका पायरीत बरं होण्याची शक्यता ०.०५. जोडीचा जोर मुद्दाम ०.३ ठेवला. ०.६६२ च्या कितीतरी खाली, म्हणजे काहीही केलं तरी साथ मरणार.

मेली नाही. साधारण ८५ टक्क्यांवर जाऊन बसली आणि हलेचना.

"मॅडम, त्रिकोण लईच जोरात आहेत," विद्यार्थी खुशीत. त्याला वाटलं, काहीतरी शोध लागला. मला ते ८५ आवडलं नाही. समीकरण इतकं खोटं बोलत नाही, आणि असली गुळगुळीत रेघ तर सहसा चुकीचीच असते.

रात्री वीज गेली म्हणून काम थांबलं. बरंच झालं.

१५ जून

सापडलं. अंघोळीच्या वेळी सुचलं, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

उलटं गणित केलं. जोडीचा जोर ०.३ असताना ८५ टक्के यायचे, तर त्रिकोणाचा जोर किती असावा लागेल? उत्तर ७.५ च्या आसपास. म्हणजे आमच्या २.५ च्या बरोबर तिप्पट. तीन कुठून आले, हे मग विचारायची गरजच उरली नाही.

त्यानं लूप माणसांवर फिरवला होता. प्रत्येक माणसाच्या यादीतले त्रिकोण घ्यायचे, दोघं बाधित दिसले की तिसऱ्यावर फासा टाकायचा. अ-ब-क हा त्रिकोण अ च्या यादीत आहे, ब च्या आहे, क च्याही आहे. एकाच पायरीत बिचाऱ्या क वर तीनदा फासा पडत होता. जोडीच्या लागणीत तो फक्त बाधितांवरून फिरत होता, म्हणून तिथे हे झालं नाही. आता त्रिकोणांची एकच यादी, नावं क्रमानं लावून, प्रत्येक त्रिकोण एकदाच. जोर ०.३ वर साथ मेली. दहा वेळा चालवली, दहाही वेळा मेली.

त्याला म्हटलं, "हे वहीत लिहून ठेव, प्रकल्प अहवालात टाकायचंय." तो म्हणाला, "चूक कशाला टाकायची मॅडम?" टाकायची. जोड्यांच्या मॉडेलमध्ये ही चूक करायला जागाच नसते. गट आला की ती पहिल्या आठवड्यात होते.

१९ जून

जोर ०.८ आणि २.५ वर. सुरुवातीला १०० जण बाधित ठेवले : विझली. ४०० ठेवले : निम्म्याच्या जरा वर जाऊन टिकली. ३०० म्हणजे उंबऱ्याच्या अगदी अंगाशी. तिथे दर रनला वेगळं. कधी आत, कधी बाहेर, आणि ठरायला वेळही बराच लागतो. एका रनमध्ये साथ बराच वेळ १५ टक्क्यांवर घुटमळली आणि मग खाली आली. पोरगं स्क्रीनसमोर क्रिकेट बघावं तसं बसलं होतं.

हे चित्र साध्या साथीत दिसत नाही. तिथे एक आकडा ओलांडला की साथ हळूहळू वाढत जाते. इथे ती एकदम उडी मारते, आणि उतरतानाही त्याच वाटेनं उतरत नाही. वाढवायला जेवढा जोर लागला, त्याहून बराच कमी केला तरी साथ टिकून राहते.

२४ जून

आडवाट, पण घेतली. विद्यार्थ्यानं विचारलं, साथीचं हे 'नेहमीचं' मॉडेल आलं कुठून? म्हटलं, आपल्याच मुंबईतून, एका अर्थी.

कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचा १९२७ चा निबंध. मॅकेन्ड्रिक हा हिंदुस्थानात नोकरी केलेला लष्करी डॉक्टर. निबंधात एकच खरा आलेख आहे, तो मुंबईच्या प्लेगचा. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, दर आठवड्याचे मृत्यू. त्यावर त्यांनी घंटेच्या आकाराची वक्ररेषा बसवली. तिचा माथा ८९०, आठवडा सतरावा. मोजून पाहिलं तर तो १५ एप्रिल १९०६ च्या आसपास पडतो. वक्राखालचं क्षेत्रफळ काढलं तर एकूण सुमारे ८,९०० मृत्यू. फुलीफुलीला रेघ अशी चिकटून जाते की बघणाऱ्याला मोह पडावा.

आणि तिथेच घोटाळा आहे. त्या मॉडेलमध्ये शहरातला प्रत्येक जण प्रत्येकाला सारखाच भेटतो आणि माणसाकडून माणसाला लागण होते. गाठीचा प्लेग तसा पसरतच नव्हता. आधी घरातले उंदीर मरायचे, मग त्यांच्या पिसवा माणसांकडे वळायच्या. आमच्या पणजीच्या तोंडी 'घरात उंदीर पडला' याचा अर्थ एकच होता : सामान बांधा आणि माळावर झोपड्या टाका. म्हणजे पणजीच्या मॉडेलमध्ये गट होता. एक घर आणि त्या घराचे उंदीर.

रेघ सुंदर बसली म्हणजे कारण बरोबर असतं असं नाही. हे सतत डोळ्यासमोर राहावं म्हणून तो आलेख छापून कपाटावर चिकटवलाय.

३० जून

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, काम बंद. गॅलरीतून बघत होते. वारीत 'लाखो लोक' चालतात हे आपण म्हणतो, पण चालतात त्या दिंड्या. रथापुढची अमुक क्रमांकाची, रथामागची अमुक. जेवण त्यांचं, मुक्कामाचा तंबू त्यांचा, टाळ-मृदंगाचा ठेका त्यांचा. हायपरग्राफ (जोड्यांऐवजी गटांचं जाळं) म्हणजे काय हे पुढच्या वर्षी वर्गात असंच सांगणार. जाळ्यातली रेघ दोघांनाच बांधते. दिंडी एकदम कितीही जणांना बांधते, आणि मोजताना ती एकच.

४ जुलै

खरा डेटा उतरवला. फ्रान्समध्ये मार्सेयच्या एका लिसेतला, म्हणजे तिथल्या शाळेतला, डिसेंबर २०१३ चा. ३२७ विद्यार्थी, ९ वर्ग, पाच दिवस. प्रत्येकाच्या छातीवर रेडिओ बिल्ला. दोन बिल्ले साधारण दीड मीटरच्या आत समोरासमोर आले की दर २० सेकंदांना नोंद. फाइलमध्ये १,८८,५०८ ओळी. पहिली ओळ अशी :

१३८५९८२०२० ४५४ ६४० एमपी एमपी

वेळ, पहिला, दुसरा, दोघांचे वर्ग. वेळेचा आकडा उलगडला तर २ डिसेंबर, तिथली दुपारची बारा वाजून २० सेकंद. ४५४ आणि ६४० एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत. कोण होते, काय बोलत होते, काही माहीत नाही. तरी जरा थांबून त्या ओळीकडे बघत बसले.

फाइलमध्ये जोड्याच आहेत. गट आपण शोधायचा. एकाच २० सेकंदांत अ-ब, ब-क आणि अ-क तिन्ही नोंदी असतील तर ते तिघं एकत्र होते असं धरायचं. असं केल्यावर वेगवेगळे गट निघतात ७,८१८. त्यात जोड्या ५,४९८, तिघांचे २,०९१, चौघांचे २२२ आणि पाच जणांचे फक्त ७. पाचाच्या वर काहीच नाही.

एक गोष्ट विद्यार्थ्यानं पकडली, शाबासकी त्याला. सगळा डेटा जोड्यांत मोडला तर ५,८१८ जोड्या होतात. पण नुसते दोघंच असताना दिसलेल्या जोड्या ५,४९८. म्हणजे ३२० जोड्या अशा, की ती दोघं एकमेकांसमोर आली ती कायम तिसऱ्याच्या देखतच. जोड्यांच्या मॉडेलला हा तिसरा दिसत नाही. ओळखीतल्या अशा दोन-चार जोड्या मला लगेच आठवल्या.

९ जुलै

सर्वांत मोठा गट पाचाचा, हे आठवडाभर टोचत होतं. शाळेत एका वर्गात सरासरी ३६ मुलं तासभर बसतात. ते कुठे गेले?

बिल्ला फक्त समोरासमोरची भेट पकडतो, कारण माणसाचं शरीर त्याच्या लहरी अडवतं. रांगेत बसलेल्यांना एकमेकांच्या पाठी दिसतात. त्यामुळे डेटातला गट म्हणजे मधल्या सुट्टीतलं कोंडाळं. हवा वाटून घेणारी खोली त्यात नाहीच.

गप्पांसाठी हे चालेल. हवेतून पसरणाऱ्या रोगासाठी नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट खोऱ्यातल्या गायकवृंदाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १० मार्च २०२०, अडीच तासांचा सराव, ६१ जण हजर, त्यातल्या एकाला सर्दी-खोकल्यासारखी लक्षणं. नंतर मोजले तर ५३ जणांना कोविड, ३३ खात्रीचे आणि २० संभाव्य, दोघांचा मृत्यू. त्या संध्याकाळच्या १,८३० जोड्या मांडून काय कळणार? ज्यानं घात केला तो गट एकच होता : बंद खोली आणि मोठ्यानं गाणारी माणसं.

दुसरं म्हणजे, तिथे 'दोन बाधित असतील तरच तिसऱ्यावर जास्तीचा दाब' हा नियमही नाही. एकच बाधित होता. रोगात गट मोठा असणं महत्त्वाचं, अफवेत गटातले किती जण आधीच मानतात ते महत्त्वाचं. आमच्या कोडमध्ये दोन्ही एकाच चौकटीत कोंबले होते. ते वेगळे केले. फाइलमध्ये वर्गाचं नाव आहेच, म्हणून ९ वर्गांचे ९ मोठे गट वरून घातले.

१६ जुलै

आज माहितीची बाजू. आईला फोन करून २१ सप्टेंबर १९९५ बद्दल विचारलं. गणपती दूध प्यायला तो दिवस. मी चौथीत होते, सांगलीला वाड्यात राहायचो.

आई म्हणाली, "सकाळी शेजारीण सांगत आली तेव्हा मी हसलेच गं. परत आली तरी हसले. मग नळावर गेले तर तिघी एकदम तेच बोलत होत्या. मग म्हटलं, बघून तर येऊ." आणि वाटी-चमचा घेऊन रांगेत. चमच्याच्या कडेला टेकलेलं दूध पृष्ठताणानं ओढलं जातं आणि मूर्तीवरून ओघळतं, हे तिला बाबांनी संध्याकाळी सांगितलं. तोवर डेअरीतलं दूध संपलं होतं.

एकीनं तीनदा सांगणं आणि तिघींनी एकदा सांगणं, यातला फरक म्हणजेच आमचं त्रिकोणाचं पद. आईला गणितातला वर्ग-बिर्ग ठाऊक नाही, पण तिनं तो नळावर केला.

विद्यार्थ्याला मग समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटरचं १९७८ चं कोडं घातलं. चौकात १०० माणसं. पहिला कुणी नसला तरी दगड मारणार. दुसऱ्याला एकानं मारलेला दिसला की तो मारणार, तिसऱ्याला दोघांनी, असं शंभराव्याला ९९ जणांनी. सगळे मारतात. आता फक्त दुसरा माणूस बदला. त्याला एकाऐवजी दोघं दिसायला हवेत. किती दगड पडतील? तो म्हणाला, "नव्व्याण्णव?" पडतो एक. गर्दी जवळपास तीच, एका माणसाचा एक आकडा बदलला.

२२ जुलै

व्हॉट्सॲपचा गट घालून पाहिला. पूर्वीची मर्यादा २५६ जणांची. जोड्यांत मोडला तर एकाच गटाच्या ३२,६४० जोड्या होतात. असे शंभर गट घातले आणि लॅपटॉपनं मान टाकली. गट म्हणून ठेवले तर शंभर ओळी.

हे नुसतं मेमरीचं प्रकरण नाही. २०१८ च्या जुलैत भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. पण 'ठिकाण' म्हणजे गटही. पाच गट भरलेले असतील तर तेराशेच्या आसपास माणसं एका बोटानं. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी, असं झालं. मॉडेलमध्ये दोन्ही घालून पाहिले. पाठवण्याची संख्या कमी केली की पसरण्याचा वेग उतरतो. उंबरा मात्र गटात किती जण आधीच मानतात त्यावर बसलेला असतो, तो फारसा हलत नाही.

ती २०१८ ची मर्यादा कशामुळे आली ते लिहायलाच हवं. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारे लोक होते ते. असले मेसेज त्या आधी कित्येक दिवस अनेकांच्या फोनमध्ये होते. फोन हातात घेतलेला एकटा माणूस आणि बाजारातला जमाव, यांना एकाच समीकरणाचे दोन आकडे म्हणायला मन धजत नाही. तरी मॉडेल तेच म्हणतं. आज इथेच थांबले.

२६ जुलै

मार्सेयच्या डेटावर दोन परीक्षा. सुरुवातीचे ३० बाधित एकदा सगळ्या शाळेत विखरून, एकदा सगळे एकाच वर्गात.

साध्या लागणीत विखुरलेले ३० जास्त वेगानं पसरले, अपेक्षेप्रमाणे. त्रिकोणाच्या लागणीत उलटं. विखुरलेले ३० विझले, कारण एकाच कोंडाळ्यात दोन बाधित सापडतच नव्हते. एका वर्गातल्या ३० नी आधी तो वर्ग घेतला, मग शेजारचा.

२०१० मध्ये समाजशास्त्रज्ञ सेंटोलानं १,५२८ जणांवर केलेल्या ऑनलाइन प्रयोगातही हीच दिशा होती. शेजारी एकमेकांत गुंतलेल्या जाळ्यात सवय लांबवर आणि लवकर गेली, विस्कटलेल्या जाळ्यात मागे पडली. तिथे सवय एका आरोग्य मंचावर नाव नोंदवण्याची होती. लसीकरणाच्या प्रचाराला गावागणिक एकेक माणूस नेमणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लावावा, असं माझं मत.

२ ऑगस्ट

विद्यार्थी आज खट्टू. त्याला हवं होतं की बाधितांचा आलेख बघून सांगता यावं : हे गटाच्या दाबानं झालं की साध्या लागणीनं. नाही सांगता येत. २०२० मध्ये एबेर-द्यूफ्रेन, स्कार्पिनो आणि यंग यांनी दाखवलं की दोन साधे रोग एकमेकांना हात देत असतील, तर वरून दिसणारं चित्र सामाजिक दाबासारखंच येतं. एकामागून एक उड्या, तेच उंबरे. शिवाय सेंट-ऑंज आणि त्याच्या साथीदारांनी २०२१ मध्ये म्हटलं ते याहून अडचणीचं : गटात कोण किती वेळ थांबला हे आपल्याला माहीत नसेल, तर अगदी साधी लागणसुद्धा बाहेरून वर्गाच्या पदासारखी वाकडी दिसते.

"मग एवढं केलं ते काय?" तो म्हणाला. कपाटावरच्या १९०६ च्या आलेखाकडे बोट दाखवलं. त्याला कळलं, हसला, पण पूर्ण पटलं नव्हतं.

ठरवलं असं : अहवालात आलेखावरून कारण सांगायचं नाही. कारणाची बाजू गट कसा मोजला यावरून मांडायची. बिल्ल्याचं कोंडाळं वेगळं, वर्गाची खोली वेगळी, फोनचा गट वेगळा. प्रत्येकासाठी आधी लिहायचं की इथून काय पसरू शकतं आणि काय नाही.

७ ऑगस्ट

शेवटची फेरी रात्रीवर लावली. ९ खोल्या साध्या नियमावर, कोंडाळी त्रिकोणाच्या नियमावर, दोन्ही एकाच शाळेत. पोरानं स्वतःहून सुरुवातीला एक चाचणी घातलीय, मी सांगितलं नव्हतं. रन सुरू व्हायच्या आधी ती एका पायरीत प्रत्येक त्रिकोण किती वेळा तपासला गेला ते मोजते आणि जुळलं नाही तर थांबते.

स्क्रीनवर : त्रिकोण २,०९१. तपासण्या २,०९१. पुढे चालू.